रिकाम्या जागा मोजणारे आबा

आयर्लंड हा देश आमच्या घरमालकीणताईंच्या वडिलांच्या ताब्यात दिला असता, तर इथली एकही बस आजवर उशिरा सुटली नसती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बसच काय, इथल्या पावसालाही त्यांनी फलाटावर उभं करून ‘कुठली वेळ तुझी?’ असं विचारलं असतं. त्यांना सगळे आबा म्हणतात. अलिबागच्या आगारात आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी सगळी हयात लाल गाड्यांच्या धुरळ्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर वर्षातले काही महिने ते डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये लेकीकडे येऊन राहायला लागले. त्याच घरातल्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. एमएससी करायला आलो होतो, मग सँट्रीत नोकरी लागली आणि खोली बदलायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्यामुळे मला आबा मिळाले.

आबांना इथे कुठेही जायचं नसे. तरी रोज सकाळी न्याहारी झाली की इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि वर जावयाचं ढगळ जाकीट असा वेश करून ते ‘जरा गाडी बघून येतो’ म्हणत बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभे राहायचे. गाडी वेळेवर आली की ड्रायव्हरला मान हलवून पोचपावती द्यायची, उशिरा आली की शुद्ध अलिबागी मराठीत दोन शब्द सुनवायचे. ड्रायव्हरला वाटायचं आजोबा आभार मानताहेत, तोही हात हलवायचा. आता इथल्या थांब्यावरच्या पाटीवर दोन मिनिटांत येणारी म्हणून दाखवलेली बस कधीकधी न येताच पाटीवरून नाहीशी होते. आम्हाला ते सवयीचं झालंय. आबांना तो वैयक्तिक अपमान वाटे. “आमच्याकडं गाडी बिघडली तर बिघडली म्हणून लाउडस्पीकरवर सांगत होतो,” ते म्हणायचे, “ही मेली का पळाली, ते उतारूला कळायला नको?” थांब्यावरच्या आयरिश आज्या मात्र त्यांच्यावर जाम खूश होत्या. पाऊस आला की आबा त्यांना छपराखाली ओळीने उभं करत, पिशव्या एका बाजूला लावायला लावत, आणि गाडी दिसली की हात वर करून ‘सावकाश, सावकाश’ असं मराठीत म्हणत. त्या आज्या त्यांचा उल्लेख ‘युवर मॅन विथ द पेन’ असा करतात. ते नसले तर मला थांबवून चौकशी करतात.

घरीही कारभार आगाराचाच. जेवण तयार झालं की जिन्याखालून पुकारा व्हायचा, “वरच्या मजल्यावरून येणारे उतारू, जेवण लागलेलं आहे.” बाथरूममध्ये मला जरा जास्त वेळ झाला की दारावर टकटक, “ही गाडी विनाथांबा आहे का?” कुठे फिरायला न्यावं तर त्यांना सगळा आयर्लंड अलिबाग तालुक्यात बसवायचा असायचा. होथचं बंदर पाहिलं आणि म्हणाले, हा रेवदंडा. मॅलाहाइडचा किनारा पाहिला, हा किहीम, फक्त सुरूची झाडं तेवढी लावली पाहिजेत. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तर म्हणाले, “इथं एक वडापावची गाडी लावायला पाहिजे.”

आबा बेने इस्रायल. म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी बोलणारे, फार जुन्या काळी जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज. दाराच्या चौकटीवर मेझूझा, म्हणजे प्रार्थनेची छोटी डबी, आणि ओट्यावर सोलकढी असं त्यांचं घर. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. ते मटण खाल्ल्यावर खोली बदलण्याचा विचारही मनात येऊ नये. सिटीवेस्टला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकदा कुणीतरी त्यांना कुतूहलाने विचारलं, “काका, तुम्ही ज्यू, म्हणजे मूळचे कुठले?”

“रेवदंड्याचा.”

“नाही, पण त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी जहाजात.”

“आणि त्याच्याही आधी?”

“तेव्हा मी लहान होतो,” आबा म्हणाले आणि बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन ती रांग सरळ करायला लागले.

धर्माच्या बाबतीत त्यांचं आयर्लंडशी एकच भांडण होतं, उन्हाळ्याचं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो, आणि इथला उन्हाळी सूर्य दहा वाजत आले तरी जागेवर असतो. आबा जेवायच्या टेबलाशी हात धुऊन, टोपी घालून बसलेले आणि खिडकीतून लख्ख ऊन. “हा सूर्य कुठल्या आगाराचा आहे?” असं ते दर शुक्रवारी विचारत. दुसरा त्यांचा नेम असा की माणसं मोजायची नाहीत. त्यांच्यात जुनी समजूत आहे, माणसांवर बोट ठेवून एक-दोन-तीन करू नये, नजर लागते. आता कंडक्टरने माणसं मोजायची नाहीत म्हणजे पंचाईतच. आबांनी तरुणपणीच यावर तोड काढली होती. ते गाडीतल्या रिकाम्या जागा मोजत आणि वजाबाकी करत. या पद्धतीने आपल्या उभ्या नोकरीत एकही उतारू मागे राहिला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगत. मलाही सांगितलं होतं, बहुधा भाडेकरार व्हायच्या आधीच.

तर या आबांची एकुलती एक नात, म्हणजे ताईंची लेक, रिव्का. आबांची रिवू. वाढली इथेच, त्यामुळे मराठी सगळं कळतं आणि उत्तर डब्लिनच्या हेलात येतं. आबांनी पाच मिनिटं चौकशी करावी आणि तिने “आय’म ग्रँड, आबा” म्हणून विषय संपवावा. गेल्या उन्हाळ्यात ती ज्यू मुलामुलींच्या एका सहलीला गेली. वेगवेगळ्या देशांतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं एकत्र येतात, बसने युरोप फिरतात, आपले पूर्वज कुठे राहिले, महायुद्धाच्या काळात त्यांनी काय सोसलं ते बघतात. प्राग, क्राकोव्ह, बुडापेस्ट, आणि या खेपेला शेवटचा मुक्काम डब्लिन. रोज संध्याकाळी एकाने आपल्या घराण्याची गोष्ट सांगायची अशी त्यांच्यात पद्धत होती. डब्लिन रिवूचं गाव, म्हणून शेवटची संध्याकाळ तिची. निघायच्या दिवशी आबांनी तिला चिवड्याचा डबा दिला आणि मागच्या चाकावर बसू नकोस, पोटातलं ढवळतं, असा सल्ला दिला. ती सुखरूप परत आली की मलिदा करीन, असं त्यांनी एलियाहू हन्नाबीला बोलूनही टाकलं. एलियाहू हा त्यांचा प्रेषित, आणि मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. बेने इस्रायल मंडळी नवस फेडायला तो करतात.

सहल अर्ध्यावर असताना एका संध्याकाळी तिचा फोन आला. ताई स्वयंपाकघरात होत्या, फोन स्पीकरवर होता, आबा पोहे निवडत होते आणि मी चहा ढवळत होतो. पोरगी रडत होती. “एव्हरीवन हॅज अ स्टोरी, मम्मा. वी हॅव नथिंग. नथिंग हॅपन्ड टू अस.” कुणाच्या पणजोबांचं दुकान जाळलेलं, कुणाची आजी लहानपणी एकटी सरहद्द ओलांडून आलेली, कुणी दगडावर कोरलेल्या नावांत आपलं आडनाव शोधत होतं. तिच्याकडे सांगण्यासारखं काय? आजोबांनी बस सोडल्या, हे? एका मुलीने तिचा भारतीय चेहरा बघून अगदी मायेने विचारलं होतं, तुला दत्तक घेतलंय का गं? आपण या सगळ्यांत बसतच नाही, खोट्या आहोत, असं पोरीच्या डोक्याने घेतलं होतं. शेवटी म्हणाली, डब्लिनला जेवण पाठव, पण “प्लीज, डोन्ट ब्रिंग आबा.”

आबांचं बोलायचं इंग्रजी कंडक्टरचं, पण कान पक्के. ते पोह्यांचं ताट बाजूला ठेवून ‘गाडी बघून येतो’ म्हणाले आणि गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत म्हणून मी बघायला गेलो, तर थांब्यावर एकटेच उभे. समोर एक बस चांगलीच उशिरा आली, पण ड्रायव्हरला ते एक अक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले, “काय रे, कुणी मारलं नाय, जाळलं नाय, म्हणून आम्ही खोटे का?” मी म्हणालो, “आबा, गार वारा सुटलाय, घरी चला.” या वाक्याची मला अजून लाज वाटते, पण दुसरं काही तोंडात आलं नाही हे खरं.

सहल डब्लिनला यायच्या आदल्या दिवशी आबांनी जाहीर केलं की ते जाणार. “तिनं नको म्हटलंय ना, बाबा,” ताई म्हणाल्या.

“आजोबांना नको म्हटलंय. स्टाफला कुठं म्हटलंय?”

जेवण घेऊन जायला दोन माणसं लागणारच होती. एक आबा, दुसरा मी. सुट्टी घेतलीस का, असं मला विचारलं गेलं नाही, घे असं सांगितलं गेलं. सकाळी मुलांच्या बसपाशी आबा पांढऱ्या शर्टात, पेनासह, दाराशी ताठ उभे. ड्रायव्हर स्वोर्ड्सचाच निघाला, गप्पिष्ट आणि लालबुंद. पाच मिनिटांत आबांनी त्याला शिकवून ठेवलं की पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे चल. त्याला हे फारच आवडलं. “दॅट’स ग्रेट क्रॅक,” म्हणजे इथल्या बोलीत ‘काय मजा आहे’, असं म्हणत त्याने स्वतःच दोन थापा मारून बघितल्या. मग एकेक करून मुलं आली. रिवू समोर येताच जागच्या जागी थिजली. आबा दुसरीकडे बघत म्हणाले, “गुड मॉर्निंग, मिस.” ती कानापर्यंत लाल झाली, “मॉर्निंग” म्हणाली आणि चढून गेली.

सकाळभर दोघांनी ओळख दाखवली नाही. एकदा तिच्या बुटाची नाडी सुटलेली आबांना दिसली. त्यांनी घसा खाकरला आणि मला मोठ्याने म्हणाले, “तुझी नाडी सुटलीय.” माझ्या बुटांना नाड्याच नव्हत्या. पलीकडे रिवू खाली वाकली आणि नाडी बांधून चालायला लागली.

संग्रहालय बघून झालं, मुलं बसमध्ये बसली. पुढचा कार्यक्रम एका सभागृहात व्याख्यानाचा होता. गटप्रमुख म्हणजे लंडनचा एक उंच, सतत काळजी करणारा तरुण, तो कुणाची तरी विसरलेली बाटली आणायला पुन्हा आत गेला. आबांनी मागून पुढे चालत रिकाम्या जागा मोजल्या, सकाळइतक्याच निघाल्या, आणि पायरीवर उभं राहून पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस सुटली. आता गटप्रमुखाची जागा होती ड्रायव्हरशेजारची घडीची खुर्ची. तो उठला की ती आपोआप मिटायची, आणि मिटलेली खुर्ची काही रिकामी जागा म्हणून मोजली जात नाही. नदीकाठच्या एकमार्गी रस्त्याला लागल्यावर सोबतच्या शिक्षिकेचा फोन वाजला, तेव्हा उलगडा झाला. आबांचा चेहरा पाहवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा उतारू मागे राहिला होता, आणि तोसुद्धा साहेब.

मागे वळायला रस्ता नव्हता आणि सभागृहाची किल्ली गटप्रमुखाच्या खिशात. ड्रायव्हर म्हणाला, “शुअर लुक, हा लॅड टॅक्सी करून येईल. दिवस ग्रँड आहे. होथला जायचं का?” मुलांनी जो आरडाओरडा केला त्यावरून त्यांनी कितीतरी दिवस समुद्र पाहिला नसावा असं वाटलं. शिक्षिकेने फोनवर गटप्रमुखाची समजूत घातली आणि आम्ही होथला पोचलो.

ऊन, वारा, बंदरात डोकं वर काढणारे सील. मुलांनी बूट काढून फेकले. धक्क्यावर मी डबे उघडले. आबांनी मलिद्याच्या परातीवर हात धरून आधी प्रार्थना म्हटली, शब्द हिब्रू आणि चाल अस्सल कोकणी. समोरचा न्यू यॉर्कचा एक कुरळ्या केसांचा मुलगा घास घेता घेता थांबला. शब्द त्याच्या घरचे होते. “तुम्ही कुठले?” त्याने विचारलं.

“अलिबाग,” आबा म्हणाले, जसं काही यातच सगळं आलं.

“तिथे तुमच्या लोकांचं काय झालं?”

“जहाज फुटलं.”

मुलगा हळूच म्हणाला, “मग?”

“मग गावकऱ्यांनी पाण्यातून बाहेर काढलं. जेवायला घातलं.”

“मग?”

“मग आम्ही तेलाचा घाणा टाकला. शनिवारी बंद.”

“आणि मग तुम्हाला हाकललं कुणी?”

आबांनी खूप आठवून बघितलं. “हाकललं? कुणी नाय. मी रिटायर झालो.”

यावर जे हसू फुटलं त्याने धक्क्यावरचे पक्षी उडाले. “नोबडी? एव्हर?” कुरळ्या केसवाला पुन्हा पुन्हा विचारत होता. सगळा युरोप थडगी आणि याद्या वाचत आलेली ती मुलं, त्यांना ही गोष्ट परत ऐकायची होती. आबा रंगात आले आणि त्यांचं इंग्रजी संपून मराठी सुरू झालं. भाषांतर मी करायचं, पण माझ्या हातातल्या डब्यावर एका दांडग्या सीगलने झडप घातली आणि माझी त्याच्याशी झटापट सुरू झाली. आबा थांबायला तयार नव्हते. मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, “ही सेज, दे फरगॉट एव्हरीथिंग बट वन प्रेयर.” रिवू होती. धक्क्याच्या कडेला बसल्या बसल्या ती भाषांतर करत होती, कुणाकडेही न बघता. जहाज, किनारा, एवढीच लक्षात राहिलेली एक प्रार्थना, शनिवारचा बंद घाणा. आबा शेवटाला आले, तशी ती ताडकन उभी राहिली.

“आबा, यू फरगॉट द घोडा!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आबा स्टाफच्या आवाजात म्हणाले, “विच घोडा, मिस?”

“स्टॉप इट, आबा!” ती म्हणाली, आणि मग सगळ्यांकडे वळून, “ही’ज माय आबा. माय ग्रँडड.” पुढची गोष्ट तिनेच सांगितली. प्रेषित एलियाहू त्यांच्या गावाजवळ कसा आला, त्याच्या घोड्याची टाप खडकावर कशी उमटली, आणि ती पाच वर्षांची असताना आबांनी तिला उचलून त्या खुणेत तिचा हात कसा ठेवला होता. ही गोष्ट तिला पाठ होती. लहानपणी झोपताना ऐकलेली, म्हणून ती घराण्याची गोष्ट आहे हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं. आबा वाऱ्याला दोष देत चष्मा पुसत होते. मला इतका आनंद झाला की मी सीगलला डबा देऊन टाकला.

गटप्रमुख टॅक्सीतून उतरला तो चिडूनच. आबा त्याच्यापुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “माय मिस्टेक, सर.” पण मुलं ज्या तऱ्हेने हसत होती ते बघून त्याचा राग ओसरला. त्याने मलिदा दोनदा घेतला, आणि व्याख्यान रद्द झाल्याचं कुणालाच दुःख झालं नाही.

निघायच्या आधी त्या कुरळ्या केसवाल्याने सहज विचारलं, “आता तिथे तुमची किती माणसं आहेत?”

“माणसं मोजू नयेत,” आबा म्हणाले. मग समुद्राकडे बघत मराठीत बोलले, आणि रिवूने ते हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. “घरं मोजली तर रिकामीच जास्त. कुणी हाकललं नाय, आम्ही आपणच उठून गेलो. कोण इस्रायलला, कोण मुंबईला. माझे भाऊ गेले, शाळेतले दोस्त गेले. त्या सगळ्यांच्या गाड्या मीच वेळेवर सोडल्या.” एवढं रिवूला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती जाऊन आबांना चिकटून बसली. त्या संध्याकाळी आपली पाळी आल्यावर तिने काय सांगितलं, ते ऐकायला मी नव्हतो. ताई म्हणतात, हॉलमधलं कुणी उठायलाच तयार नव्हतं.

शरद ऋतू लागला तसे आबा नेहमीपेक्षा लवकरच परत गेले. थंडी मानवत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. विमानतळावर त्यांना सोडायला मी गेलो होतो, तेव्हा खरं कारण कळलं. “रिवू म्हणतेय पुढच्या सुट्टीत येणार, दोन-चार पोरांना घेऊन,” ते म्हणाले. “आमच्या सिनेगॉगची चावी शेजारच्या कोळ्याकडं असते. चांगला आहे तो, उघडून देईल. पण ती दारात येईल तेव्हा आतून उघडायला आपलं कुणी नको?” मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत गेले.

घर आता फार शांत आहे. कितीही वेळ अंघोळ केली तरी कुणी काही बोलत नाही, आणि मला ते अजिबात आवडत नाही. रिवूचं तिकीट जुलैचं निघालंय. भर पावसात कोकणात कशाला, चिखल, वीज जाणार, जरा डिसेंबरपर्यंत थांब की, असं मी तिला परवा म्हणालो.

“नो वे,” ती म्हणाली. “आबा थांबलेत ना तिकडे.”